अर्धी वाट

बिरागो: पेटी खाली ठेव आधी, ओसोफो. पाद्र्याच्या हातात पेटी दिसली की गावभर अफवा उठतात.

यालमारी: पेटी खाली ठेवली तर मी बसेन, एनो. बसलो तर तुम्ही पाणी द्याल. पाणी घेतलं तर जेवावं लागेल. आणि कुमासीची गाडी निघून जाईल.

बिरागो: भरल्याशिवाय ती गाडी स्टँड सोडत नाही. आत्ताच बघून आले. आत एक बाई, दोन बकऱ्या आणि झोपलेला ड्रायव्हर. बकऱ्यासुद्धा कंटाळून उतरायच्या बेतात आहेत.

यालमारी: तरीही मी जाईन. कुमासीला मिशनच्या वरिष्ठांना भेटेन आणि तिथून मायदेशी प्रस्थान करेन. माझा निर्णय झालेला आहे.

बिरागो: प्रस्थान. बघा. आमची भाषा शिकून आलास तीही पुस्तकातली. असं आमच्यात फक्त राजवाड्यातला जुना दवंडीवाला बोलायचा, तोही दारू प्यायल्यावर. काय झालं ते साध्या शब्दांत सांग. जेवण चुकलं का माझं?

यालमारी: जेवण उत्तम होतं. या गावातील लोक असत्य बोलतात.

बिरागो: कोण? नाव घे. नाव घेतलं नाहीस तर तो उपदेश झाला, आणि आज रविवार नाही.

यालमारी: सुतार. चर्चच्या बाकांची मापं घेतली, 'येतो' म्हणाला आणि गेला. मी दारात उभा राहिलो.

बिरागो: कुठवर?

यालमारी: अंधार पडेपर्यंत.

बिरागो: तो तूच होतास होय. बायका विचारत होत्या, मिशनने विजेचा खांब पाठवलाय का, आणि पाठवलाय तर दिवा का लागत नाही.

यालमारी: काल बायबलच्या वर्गाला एकही माणूस नव्हता. सकाळी घरोघरी जाऊन प्रत्येकाला विचारलं होतं. प्रत्येक जण 'येतो' म्हणाला, आणि म्हणता म्हणता विरुद्ध दिशेला चालू लागला. प्रत्येक जण, एनो. मी रिकाम्या खोलीत प्रार्थना म्हटली आणि 'आमेन'सुद्धा मीच म्हटलं. आणि तुम्हीही.

बिरागो: मी काय केलं?

यालमारी: मी आलो त्याच दिवशी तुम्ही 'येते' म्हणून बाहेर पडलात आणि बहिणीच्या गावी गेलात. मी चूल राखत बसलो होतो.

बिरागो: मग, आले की नाही परत?

यालमारी: मंगळवारी.

बिरागो: आले ना? मग खोटं कुठे आहे यात? 'येतो' म्हणजे आत्ता चाललो, पण तुला टाकून नाही चाललो. लहान पोरालाही कळतं. निघणारा माणूस 'जातो' म्हणेल का कधी? तोंडाला काही विधिनिषेध?

यालमारी: आमच्या फिनलंडमध्ये माणूस येतो म्हणाला की येतो. जातो म्हणाला की जातो.

बिरागो: मग म्हणायचं कशाला? दिसतंच की.

यालमारी: आम्ही फारसं म्हणतही नाही.

बिरागो: तेच ते. बर्फात राहून जीभ गोठलीय तुमची. बरं, जायचं तर जा. एनो म्हणजे आई म्हणतोस, पण मी कोण अडवणारी? पोटची पोरंसुद्धा राजधानीला, आक्राला गेली, मी नाही अडवलं. पण जायच्या आधी जे करून ठेवलंयस ते निस्तर.

यालमारी: काय केलं मी?

बिरागो: गावातले थोरले, नाना दापा, मरायला टेकलेत. तुझ्यामुळे.

यालमारी: रविवारी मी त्यांना पाहिलं. त्यांना सर्दी होती.

बिरागो: रविवारी सर्दी होती. तू गेलास, आणि मरण आलं. काय बोललास रे निघताना? शब्द न् शब्द सांग.

यालमारी: योग्य वाक्य बोललो. पुस्तकातलं. 'मी जातो.'

बिरागो: आजाऱ्याच्या उशाशी उभं राहून?

यालमारी: हो. मग वर पाहिलं.

बिरागो: वर कशाला?

यालमारी: छपरात सरडा होता. लाल डोक्याचा.

बिरागो: आणि मग? सांग, आता काही राखून ठेवू नकोस.

यालमारी: त्यांना विश्रांतीची गरज होती. म्हणून म्हणालो, 'शांत झोपा.'

बिरागो: भर दुपारी?

यालमारी: हो.

बिरागो: अरे माझ्या कर्मा. 'जातो' म्हणालास, आभाळाकडे बघितलंस आणि 'शांत झोपा' म्हणालास. एवढं तर आम्ही पुरल्यावर म्हणतो. म्हाताऱ्याने बिचाऱ्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. ओसोफोला वरून निरोप आलाय म्हणतात. भाच्यांनी मयताचा मंडप सांगितला, प्लास्टिकच्या खुर्च्या सांगितल्या, शनिवारी कर्णा लागणार. गावभर आमंत्रणं गेली. फोटोसुद्धा निवडून झाला, फक्त नानांना तो पसंत नाही.

यालमारी: पण ते जिवंत आहेत.

बिरागो: म्हणून तर नापसंती कळवू शकले. चल आता. तिथे बसायचं, पाणी घ्यायचं, उठायच्या आधी वाट मागायची, म्हणजे निघायची परवानगी, आणि निघताना नीट 'येतो' म्हणायचं. तेवढ्याने माणूस उठेल.

यालमारी: ते मी म्हणू शकत नाही.

बिरागो: का? दातात अडकतं?

यालमारी: मी परत येणार नाही. कुमासीला चाललोय, तिथून घरी. 'येतो' म्हटलं तर ते असत्य होईल.

बिरागो: म्हणजे सत्य राहिलं पाहिजे, मग माणूस राहो न राहो.

यालमारी: मी त्यांना वस्तुस्थिती समजावून सांगेन.

बिरागो: समजाव. पेटी घे बरोबर, नाहीतर वाटेत कुणीतरी 'येतो' म्हणून घेऊन जाईल.

(नाना दापांचं अंगण. एका कोपऱ्यात शनिवारसाठी आणलेल्या खुर्च्यांची उतरंड. नाना ओसरीवर आडवे, तोंड भिंतीकडे.)

दापा: कोण आहे? न्यायला आलं का कुणी?

बिरागो: ओसोफो आलेत, नाना.

दापा: तेच विचारलं मी. (कूस बदलून) पाणी द्या त्याला. मरतोय म्हणून रीत सोडणार नाही मी. प्यायलास? आता ऐक. आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त मी चाललोय. वाट चालून आलेले तुम्ही. काय निमित्ताने आलात ते सांगा.

यालमारी: नाना, माझ्याकडून चूक झाली. रविवारी मी 'जातो' म्हणालो ते माझ्याविषयी होतं. मी माझ्या घरी जात होतो. पायी.

दापा: मग वर का बघितलंस?

यालमारी: सरडा होता.

दापा: बिरागो, ऐकलंस? देवाचं बोलावणं म्हणून मी चार दिवस भिंत बघत पडलोय, आणि हा म्हणतो सरडा.

बिरागो: लाल डोक्याचा होता म्हणे, नाना.

दापा: ओसोफो, खरं सांग. वरून माझ्याबद्दल काहीच निरोप नाही?

यालमारी: मला वरून कुणाबद्दलच निरोप येत नाही, नाना. मी विचारत असतो.

दापा: मग आपली गत सारखीच. मीही या भाच्यांना विचारत असतो. फोटो दाखव गं त्याला. बघ. तूच सांग, हा मी आहे का?

यालमारी: नाही. हा वेगळा माणूस वाटतो.

दापा: माझा मेहुणा आहे तो. लग्नातला फोटो कापताना गाढवांनी चुकीचा अर्धा ठेवला. मी मेलो असतो आणि गाव त्याच्यासाठी रडलं असतं. एवढ्यासाठी तरी उठावं म्हणतो. हात दे. हं. आता निघताना कसं निघतोस बघू. शिकवलं का बिरागोने?

यालमारी: नाना, मी वाट मागतो.

दापा: दिली. अर्धी.

यालमारी: अर्धी?

दापा: अर्धीच देतात.

यालमारी: पण अर्ध्या वाटेवर फक्त टायरात हवा भरणाऱ्याचं दुकान आहे. तिथे मी काय करू?

बिरागो: अरे शहाण्या, उरलेली अर्धी नाना ठेवून घेतात. ती न्यायला परत यायचं असतं.

यालमारी: मग मला पूर्ण लागेल, नाना. क्षमा करा.

दापा: पूर्ण वाट मी आजवर एकालाच दिली, याच फोटोतल्या मेहुण्याला. दारातली ती पेटी कुणाची?

यालमारी: माझी.

दापा: कुठे निघालीय?

यालमारी: फिनलंडला.

दापा: अस्सं. म्हणजे 'जातो' खरंच होतं. बिरागो, चादर आण.

बिरागो: नाना, आत्ता तर उठलात.

दापा: बसून बघितलं, जमत नाही. हा पोरगा खोटं बोलत नाही असं गावात सगळे म्हणतात. 'जातो' म्हणालाय, म्हणजे कुणीतरी जाणार. तो नाही गेला तर मी. चादर पायावर घाल. गार पडतायत.

यालमारी: त्यांचे पाय गरम आहेत, एनो.

दापा: आतून गार आहेत.

यालमारी: नाना, मी 'येतो' म्हणालो तर तुम्ही उठाल?

दापा: म्हणून तर बघ.

यालमारी: पण एकदा म्हणालो की मला यावं लागेल.

दापा: कुणाला लागत नाही रे. सगळेच म्हणतात.

यालमारी: मला लागेल.

बिरागो: माहीत आहे आम्हाला, पोरा. म्हणून तर तुझ्या तोंडून हवंय. सुताराचं 'येतो' त्याच्या अंगाला चिकटत नाही. तुझं तुला झोपू देणार नाही.

यालमारी: पण इथे माझा उपयोग काय आहे? वर्गाला कुणी येत नाही. बसायला बाक नाहीत.

दापा: त्या खुर्च्या दिसतायत? शनिवारच्या आहेत. परत पाठवल्या तर भाच्यांचं तोंड एवढंसं होईल, म्हणून राहू देत. उचलून तुझ्या चर्चमध्ये टाकतो. गावाला आमंत्रणं गेलेलीच आहेत. दापा मेला का नाही हे बघायला चिटपाखरू घरी राहायचं नाही. मी पहिल्या ओळीत बसेन. काय बोलायचं ते तू बोल, पण लांबवू नकोस. आणि मला 'शांत झोपा' म्हणू नकोस, तुझ्या प्रवचनात मी आपसूक झोपतो.

यालमारी: (खुर्च्या मोजून) नाना, मी वाट मागतो.

दापा: अर्धी दिली.

यालमारी: अर्धी घेतली. येतो, नाना.

दापा: ये. बिरागो, फुफूसाठी कंद कुटायला सांग भाच्यांना. आणि रश्श्यात गोगलगाय टाका म्हणावं. मरायच्या आधी नको म्हणत होते, पचणार नाही म्हणे.

यालमारी: (बाहेर रस्त्यावर) एनो, इकडच्या रस्त्याने चला. तो गाडीचा भोंगा वाजला ना?

बिरागो: वाजला. भरली वाटतं. दे ती पेटी माझ्या डोक्यावर.

यालमारी: जड आहे.

बिरागो: इथे आलास तेव्हाही मीच उचलली होती. तेव्हा तू 'आभारी आहे' हे तीन वेळा म्हणाला होतास, तिन्ही वेळा चुकीचं. दे. आता कुठल्या दिशेला वळू? स्टँड डावीकडे, घर उजवीकडे.

यालमारी: उजवीकडे, एनो. नानांच्या दाढीला रस्सा लागला होता.

बिरागो: कुठे? मला नाही दिसला.

यालमारी: वाळलेला होता. कालचा असेल. तुमच्या हातचा शेंगदाण्याचा.

बिरागो: मरणाऱ्यालाही चव असतेच की रे. थोडंसं नेऊन दिलं होतं. आणि हे तू निघताना बघितलंस होय? बघितलंस आणि गप्प राहिलास?

यालमारी: निघताना नाही. ते पाणी द्या म्हणाले, तेव्हाच.

बिरागो: तेव्हाच.

यालमारी: हो.

बिरागो: बरं. घर आलं, ही घे पेटी. कॉटखाली सरकव, पावसाचं पाणी येतं त्या बाजूला नको. मी जरा बाजारात जाऊन, बहिणीकडे डोकावून येते हं.

यालमारी: सावकाश या, एनो. मी आहे.