मिटलेली शिंपली

टँकरची वाट बघून केवळाबाईचा जीव मेटाकुटीला आला होता. रेणापूरकडून धुरळा काही उठत नव्हता. ओळीत तिच्यापुढं धुरपताबाई अन् धुरपताबाईची वेगळी राहणारी सून पंचशीला बोलत होत्या.

“जिल्हा नवा झाला, पण टँकर त्याच्या मर्जीनंच येतो बघ.”

“येईल, आत्याबाई. पौर्णिमेच्या मेणबत्त्या तरी करून झाल्या.”

“घरीच केल्या?”

“हाव. विहारातले उरलेले तुकडे वितळवले अन् नदीतल्या शिंपल्यांत ओतले. वात जुन्या लुगड्याची.”

“कोरड्या नदीत शिंपल्यांना काय तोटा.”

“एक मात्र उघडंच ना. चाकू लावला तर अजूनच घट्ट मिटली. जित्ती होती.”

“मग?”

“बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर जीव कसा घ्यावा? जिथली तिथं ठिवून आले.”

“कुठं गं?”

“काळ्या खडकाच्या बुडाला, गाळात. हात कोपरापर्यंत गारेगार झाला.”

केवळाबाईनं रिकामी घागर कमरेवर घेतली अन् ओळीतून बाहेर आली.

“मावशी, नंबर जाईल की तुमचा.”

“जाऊ दे. घरातून खुरपं घे अन् तो खडक दाव मला.”