गाळलेली पानं

परवा संपवलेली कादंबरी कशी होती म्हणून विचारताय, तर ऐका. मी सातवी शिकलेला माणूस, पण पुस्तकाला भीत नाही.

हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि कादंबरी अर्ध्यावर राहिली. म्हणाली, "तुम्ही वाचून दाखवा." रोज दुपारी खणखणीत आवाजात वाचायला लागलो. प्रेमाबिमाची पानं मात्र गाळली. पलीकडच्या खोलीत सूनबाई असते, आणि साकेत नगरातलं आमचं घर ते केवढं!

एका दुपारी वाचलं, "सुमनने बाळाला कुशीत घेतलं."

ही ताडकन उठून बसली. "बाळ कुठून आलं?"

"झालं. पुढे ऐक."

"अहो, काल तर ती नायकाशी बोलतही नव्हती!"

"मग बोलली असेल. त्यात वाचायचं काय?"

"मागे जा. नाहीतर राहू दे, डोळा बरा झाला की माझं मी वाचेन."

तेवढ्यात पलीकडून सूनबाई म्हणाली, "बाबा, सच्ची, मागे जाच. मीपण रोज ऐकतेय. सुमनचं लग्न कधी झालं, तेच कळेना!"

मी माघार घेणारा नाही. मागे गेलो. सूनबाई चहा घेऊन समोरच येऊन बसली. कारखान्यात सूचना वाचावी तशी सगळी पानं वाचून काढली, मान वर न करता.

ही म्हणाली, "आता परत वाचा. जरा हळू."

वाचली.

तर माझं मत विचाराल, तर कादंबरी ठीक आहे. गाळलेली पानं उत्तम आहेत.