सांडस हातात घेतली तवा

मी मूळची नांदगावकडची, बाप लोहार, आजा लोहार, आन् दिली तीबी लोहाराच्याच घरी, इथं मालेगाव रोडला. काय सांगू तुम्हाला, चालायला लागले तवापासून कानात ऐरणीचाच आवाज. पण आमच्यात एक रीत हाय बघा, बाईनं उभं राहून घण मारायचा आन् गड्यानं बसून सांडस धरायची, तापलं लोखंड त्याच्या ताब्यात. सांडस काय बाईच्या हातात येत नाय. तीस वर्षं मी घण मारला, पोर पोटात असतानाबी मारला, कोयते म्हणू नका, विळे म्हणू नका, पण एक चाकू माझा म्हणाल तर नाय.

मग आमच्या मालकांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राह्यले. भट्टी थंड. पोरगा नाशिकला कंपनीत, तो म्हणला आई, आता हे मोडू, ऐरण भंगारात घालू, तुम्ही दोघं माझ्याकडं चला, रविवारी टेम्पो आणतो. मी म्हणलं अरे मी हाय ना. तो म्हणला तुला घण येतो गं, सांडस येते का? वाईट मनानं नाय बोलला, पण लागलं मला. लय लागलं.

म्हणलं बघूच. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा पडलेला होता, भट्टी पेटवली, सांडस धरली, हातोडी घेतली. चाकूला घण लागत नाय, एकटीचं काम हाय. सांडशीतून लोखंड सुटायचं, दोनदा पायाशी पडलं, लुगड्याला भोक पडलं. पण ठोकून ठोकून पातं आलं, कानस मारली, मग तापवून पाण्यात बुडवलं, चर्र झालं, मला वाटलं झालं. लाकडावर घातलं एकदा तर काडकन दोन तुकडे, पापडासारखे.

आता माझं कुठं चुकलं ऐका. घण टेकवला की मी चुलीकडं जायची भाकरी टाकायला, आन् लोखंडाला पाणी द्यायचं काम ते माझ्यामागं करायचे. इतकी वर्षं भट्टीपाशी राहून मी ते एकदाबी नीट बघितलं नव्हतं! हसू नका. भूक लागलेली असायची हो सगळ्यांना.

मग गेले तुकडे घेऊन बाजेपाशी. मनात धाकधूक, सांडस धरली म्हणून चिडतात का काय. त्यांनी डाव्या हातात तुकडा घेतला, मोडलेली कड बघितली, जाड्या मिठासारखा दाणा दिसत होता, म्हंजे लोखंड लय तापवलेलं, आन् हसले. आजारानंतर पहिल्यांदा हसले. खुणेनं बाज भट्टीपाशी ओढायला लावली. मी दुसरं पातं ठोकलं, तापवलं, बाहेर काढलं तर डावा हात वर, थांब. पिवळं झालं होतं, ते लाल मिरचीवर येईपर्यंत हात वरच. मग हात खाली, बुडवलं. एवढ्यावर नाय, घासून परत निखाऱ्याजवळ धरायला लावलं, गव्हाळ रंग चढेपर्यंत. हा शेक तर मला ठाऊकच नव्हता, त्यानंच पातं मोडायचं थांबतं. मग बाभळीची मूठ बसवली.

रविवारी पोरगा टेम्पो घेऊन आला, ड्रायव्हर दोर सोडतोय, आन् मी चाकू मालकांपुढं ठेवला. पोरगं बघतंय बापाकडं, मीबी बघतेय. त्यांनी अंगठ्यानं धार बघितली, मी कांदा धरला, त्यांनी डाव्या हातानं कापला. चाकू उलटापालटा केला, आन् वाकड्या तोंडानं एकेक शब्द जुळवत म्हणले, मूठ वाकडी हाय. दुसरा कर.

मला रडूच आलं. बायकोला असं कुणी म्हणत नाय हो, कारागिराला म्हणतात. टेम्पो रिकामा गेला. दोन वर्षं झाली त्याला. आता बोलणंबी बरंच सुधारलं त्यांचं, रोज एका तरी चाकूत खोट काढतात. काढू द्या. माणूस बोलतंय, भट्टीपाशी बसतंय, तवर काढू द्या.