भेगेचं समीकरण

...अहो, रेषा कसली बघू? भेग माझ्या उशाशी पडलीय आणि हा मनुष्य मला कागदावरची रेषा दाखवतोय! तुम्हाला सांगतो, आमच्या इमारतीचे अध्यक्ष म्हणजे गणिताचे निवृत्त प्राध्यापक. कॉलेजातून निवृत्त झाले हो, फळ्यापासून नाही! मी आपला सांगायला गेलो, 'सर, बेडरूमच्या भिंतीला भेग पडलीय, गवंडी पाठवा.' तर स्वतःच आले, मोजपट्टी घेऊन! मोजली, पाच मिलिमीटर. महिन्याने परत मोजली, सात. झालं! चेहरा असा फुलला, जसा काही नातूच झाला. 'वा! दरमहा दोन! य बरोबर दोन क्ष अधिक पाच! क्ष म्हणजे महिने, य म्हणजे रुंदी, पाच ही आपली सुरुवात. वाढ स्थिर आहे, काळजी नको!'

काळजी नको? अहो, दोन ठिपके जोडून रेषा माझी मुलगीसुद्धा काढते, पहिलीत आहे ती! पण नाही... कमिटीत टाळ्या! तिथे एकाला तरी क्ष कळला असेल तर शपथ. खजिनदार तर झोपेतच मान हलवत होते. आणि ठराव काय? तर भेग पंचवीस झाली की 'गंभीर', मगच दुरुस्ती. समीकरण सोडवलं, दहा महिने! म्हणजे दहा महिने मी भेग वाढायची वाट बघायची!

बरं, दर महिन्याला हे महाशय बुटांसकट आमच्या पलंगावर चढणार... 'नऊ! अगदी रेषेवर!' पुढच्या महिन्यात, 'अकरा! काय शिस्त आहे!' शिस्त? भेगेला? बायको म्हणाली, 'सर, यातून वारा येतो हो.' तर म्हणे, 'वहिनी, वारा आपल्या समीकरणात नाही. वाढ स्थिर आहे, काळजी नको!'

सहाव्या महिन्यात भेगेत बोट जायला लागलं. बायकोने बोट घातलं, बाहेर काढलं आणि बॅग भरली. मुलीला घेऊन थेट माहेरी! 'भेग बुजली की फोन कर.' संपलं! घर खायला उठलं हो मला... मुलीची चप्पल तेवढी दाराशी राहिलेली.

मग माझं डोकं फिरलं. गेली ती कमिटी खड्ड्यात! गवंडी आणला, भेग बुजवली, वरून रंगाचा हात मारला, बायकोला फोन केला. 'उद्या निघते,' म्हणाली. मी खूश! तेवढ्यात बेल वाजली. कोण? अध्यक्ष! भिंत बघितली आणि मटकन खालीच बसले. 'शून्य? सहाव्या महिन्यात शून्य? अहो, दुरुस्तीच्या मंजुरीसाठी वरच्या कचेरीत आलेख पाठवलाय मी! उद्या सकाळी तपासनीस येतोय पडताळायला. सतरा दिसली नाही तर अख्ख्या इमारतीची दुरुस्ती नामंजूर!'

मग काय... गवंडी अजून जिन्यातच होता. छिन्नी लागली, हातोडा लागला आणि अध्यक्ष मोजपट्टी धरून उभे! 'पंधरा... अजून थोडी... सोळा... हळू रे... सतरा! थांब, थांब! बघितलंत? वाढ स्थिर आहे!' गवंडी माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.

इतक्यात बायकोचा फोन. 'तिकिटं काढते रे.'

म्हटलं, 'नको. तुझ्या आईला सांग, माझीही गादी तिथेच घाला.'