मागं घ्यायला शिकवणारी शाळा

हॅलो?

हॅलो… हो अक्का, मीच. अनसूयाच. माझा फोन दुसरं कोण उचलणार?… आवाज? ट्रकचा नाही गं, मिक्सरचा. चटणी वाटतेय. थांब, बंद करते… हां, बोल.

कुणी सांगितलं?… प्रीतीनं. वाटलंच. तुझ्या लेकीला मी बजावलं होतं, मावशी ट्रक शिकणार हे आईला इतक्यात सांगू नकोस. म्हणजे तिनं फोन ठेवायच्या आधीच सांगितलं असणार.

हो, खरं आहे… ट्रक… नाही, छोटा हत्ती नाही. मोठा. ज्याच्या मागं ‘हॉर्न प्लीज’ लिहिलेलं असतं आणि आपण वाजवला तरी जो हलत नाही, तो.

नाही, डोक्यावर परिणाम झालेला नाही. स्टुडिओ बंद झालाय… अगं, कोप्पीकर रोडवरचा आमचा फोटो स्टुडिओ. इतकी वर्षं काउंटरमागं उभी राहून लोकांना ‘हनुवटी जरा खाली’ म्हणत होते. आता मोबाइलमुळं सगळ्या गावाची हनुवटी आपोआप खाली असते. मालकांनी शटर ओढलं, मला शाल दिली आणि माझाच एक फोटो काढून दिला. बरा आलाय. बेकार बाईचा वाटत नाही.

पापड?… अक्का, आपल्या घराण्यात कुणाचंही काही बंद पडलं की तू पापडच काढतेस.

ऐक ना. धारवाडच्या पुढं बेलूरला, त्या इंडस्ट्रियल एरियात, एक कंपनी आहे. त्यांना ट्रकवर बायका हव्यात… का म्हणजे? तिथले साहेब म्हणाले, बायका पिऊन येत नाहीत आणि रस्ता विचारायला लाजत नाहीत. मी म्हटलं, पहिलं खरं आहे, दुसरं तर फारच खरं आहे.

गाडीची सवय आहे की मला! लग्नांना स्टुडिओची व्हॅन कोण न्यायचं? फोटोग्राफर मागं झोपायचे… हो, पण ते लायसन्स ट्रकला चालत नाही. ट्रकचं शिकाऊ काढलंय, आलंय हातात. पण नुसत्या लायसन्सवर भागत नाही गं. कंपनीवाले परीक्षा घेणार. एकच प्रश्न. भरलेला ट्रक गोदामाच्या दाराला मागं नेऊन लावायचा. लागला तर नोकरी. भिंतीला लागला तर पापड.

मागं फिरायला अजून वेळ आहे?… अगं, मागं कसं फिरायचं तेच शिकायला चाललेय मी.

तेच सांगतेय ना. शाळेवरच घोडं अडलंय. अमरगोळच्या शाळेत एकच जागा उरलीय आणि ती आज संध्याकाळी जाणार. आणि मला… काय? भावोजींनी शब्द दिलाय? कुणाला?… मित्राला. माझ्या वतीनं… नाही, रागावत नाही. कशाला रागावू? विठ्ठल भावोजी बेळगावात बसून माझी हुबळीतली शाळा ठरवतात, केवढी माया.

अगं, बघून आलो आम्ही ती शाळा!… आम्ही म्हणजे सगळे. हे, मी, सासूबाई. तिघांनी शुभकामाला जायचं नाही, म्हणून शेजारची रूपाली चौथी.

मी एकटीच जाणार होते. पण सासूबाईंनी चप्पल घातली. म्हणाल्या, शाळा बघायची तर रीतीनं बघायची. तुला माहितेय ना, अर्ध्या गल्लीची लग्नं त्यांनीच जमवलीत. त्यांना दुसरं काही बघताच येत नाही. त्यांच्या दृष्टीनं शाळा म्हणजे स्थळ.

हसू नकोस. पहिलं स्थळ तुमचंच.

छान आहे की. वरचा मजला, लिफ्ट, एसी. हे सोफ्यावर बसले ते झोपलेच. मालक एकदम गोड. सगळं आहे तिथं, फक्त ट्रक नाही… अगं नाही म्हणजे नाही. मी विचारलं, ट्रक कुठाय? म्हणाले, बाहेरगावी गेलाय. सासूबाई लगेच माझ्या कानात, ‘मुलगा परदेशात असतो म्हणणारी स्थळं मी खूप बघितलीत.’

शिकवतात ना. टेबलाला एक स्टेअरिंग बसवलंय. ते फिरवायचं आणि समोर भिंतीवर ट्रकचा फोटो आहे, तिकडं बघायचं. फोटो बरा आहे, लाइट जरा कमी पडलाय. मी रिव्हर्सचं विचारलं, तर म्हणाले, मॅडम, रिव्हर्सची थिअरी देतो. सर्टिफिकेट घरपोच.

तेच तर! घरी बसून सर्टिफिकेट येईल. पण गोदामाचं दार घरी येणार नाही ना.

भावोजींचे मित्र म्हणून फार चांगले असतील… हो… हो… सांगीन मी त्यांना. नाही, तूच सांग. तुझा नवरा.

थांब हं, दारात कोथिंबीरवाला आलाय… बेडा, बेडा! नाळे बा!… हां. नको, उद्या ये म्हटलं की पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो.

दुसरं स्थळ धारवाड रोडला. तिथंच घोटाळा झाला. ट्रक होता, आणि असा की बघत राहावं. नवा कोरा. पुढं झेंडूचा हार, लिंबू-मिरची, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. सासूबाईंनी भोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मालकाला विचारलं, ‘ह्याचं आधी कुठं काही?’… अपघात गं! त्यांना अपघात म्हणायचं होतं. तो श्रीहर्ष म्हणून तरुण मुलगा आहे, बिचारा लाजला.

मी म्हटलं, चालवायला कधी मिळेल? तर चेहराच पडला त्याचा. म्हणाला, खंडेनवमीला पूजा होऊ दे, मग बघू. तोवर रोज सकाळी सुरू करून ऐकवतो… इंजीन. इंजीन ऐकवतो. विद्यार्थी ओळीनं उभे राहून ऐकतात. सवय होते म्हणे कानाला.

घोटाळा पुढं आहे. त्याची आई बाहेर आली. शिरा-उप्पीट, चहा. माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भरतकाम येतं का विचारलं. मी पण सांगत बसले, मान खाली घालून! इतक्या वर्षांनी पुन्हा! हे समोर बसून ऐकताहेत, मध्येच म्हणतात, हिला येत नाही भरतकाम. आणि निघताना त्या बाईंनी खण-नारळ आणला.

घेतली गं ओटी. काय करणार? कुणी नारळ पुढं केला की आपली ओढणी आपोआप पुढं होते. ते हातात नसतं.

झालं! रस्त्यावर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ठरलं. बघायला गेल्यावर त्यांनी ओटी भरली आणि मुलीनं घेतली, म्हणजे होकार… अगं, मी पण तेच म्हटलं, हे लग्न नाही, शाळा आहे. तर म्हणाल्या, शाळेची वेगळी रीत असली तर दाखव… नाही ना दाखवता आली. आपल्यात आजवर कोण बाई ट्रक शिकायला गेलीय, रीत कुठून असणार?

तेव्हापासून तो नारळ देवघरात बसलाय, शेंडी माझ्याकडं करून. रोज पूजेला बसले की आधी त्याचीच नजर.

होती ना तिसरी! पण तिथं आधी माझं नाव घातलेलं, म्हणून जावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, नकार द्यायला तरी समोर जावं. आम्ही गेलो. अमरगोळला, मार्केट यार्डच्या मागं मोकळं मैदान आहे. चहा नाही, खुर्ची नाही. यल्लाप्पा म्हणून आहेत, सगळे मेष्ट्रु म्हणतात, म्हणजे मास्तर. ते टायरला टेकून ज्वारीची भाकरी खात होते. आम्हाला बघून उठले नाहीत. म्हणाले, ट्रक तिथं आहे, बघा.

ट्रक… म्हणजे, म्हणायचं आपलं. एक दार हिरवं, एक निळं. आणि पोचे! पुढं पोचे, मागं पोचे, पत्र्याला सरळ जागा नाही. रूपाली तर रिक्षा थांबवायला निघाली. मी विचारलं, हे काय? तर मेष्ट्रु भाकरी हातात घेऊन उठले आणि एकेका पोच्यावर बोट ठेवून सांगायला लागले. हा लोकेशचा, आता पुण्याच्या लाइनला असतो. हा बुद्धभूषणचा, त्यानं पुढं स्वतःची गाडी घेतली. हा मोठा, हा मंगळूरचा घाट रोज उतरतो… अगं, आपल्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलांची नावं भिंतीवर रंगवायचे ना? तसंच. फक्त इथं ज्याची त्यानं स्वतः कोरलेली.

हो! मला बसवलं की! लगेच. म्हणाले, चालवल्याशिवाय तुम्हाला तरी कसं कळणार, आणि मला तरी. मागं रिकामे क्रेट मांडले आणि म्हणाले, त्यांच्यामध्ये घाला. आणि खिडकीशी चालत चालत एकच शब्द, ‘निधान… निधान…’ म्हणजे हळू, पण ओरडायचे इतक्या जोरात की मार्केटमधले हमाल पण हळू चालायला लागले.

दोन क्रेट चपटे झाले… नाही, रिकामे होते म्हटलं ना. आणि एक खांब… खांबाला काही झालं नाही. माझा पोचा मागं उजवीकडं आहे, दिव्याच्या खाली. लहानच आहे. मेष्ट्रुंनी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, नाव काय म्हणालात?

अक्का, तुला सांगते, तिसऱ्यांदा तो ट्रक सरळ मागं गेला ना… आरशात ते क्रेट हळूहळू मोठे होत होते, दोन्हीकडं सारखे. मी ब्रेक दाबला. आत. बरोब्बर आत. मला कुणी इतक्या वर्षांत ‘शाब्बास’ म्हटलं नव्हतं. त्यांनी पण नाही म्हटलं. पण दुसरी भाकरी मोडून खायला लागले, म्हणजे झालं.

सासूबाई? त्याच तर सांगायच्या राहिल्या! त्या ट्रकमध्ये होत्या. माझ्या शेजारी. मेष्ट्रु म्हणाले, अज्जी, खाली उभ्या राहिलात तर मला तुमच्याकडंच लक्ष द्यावं लागेल, वर बसा. आणि चढल्या! देवळाच्या पायरीला गुडघा धरणारी बाई त्या लोखंडी पायरीवर कशी चढली, आम्हाला दिसलंच नाही. वरून म्हणे सगळं मार्केट दिसतं. रूपाली केसांना कलप लावते ते पण वरूनच कळलं त्यांना.

घरी आल्यावर उंबऱ्यात चप्पल काढली आणि म्हणाल्या, ‘स्थळ दिसायला यथातथाच आहे. पण नांदवील.’

हो ना, मलाही भरून आलं. पण तो नारळ! होकार एकीकडं दिलेला आणि मन दुसरीकडं. त्यांना ते चालत नाही. आज सकाळी उठल्या, नवा खण काढला, नवा नारळ घेतला आणि ह्यांच्या स्कूटरवर बसून धारवाड रोडला गेल्या. श्रीहर्षच्या आईची ओटी भरायला… म्हणजे फिट्टंफाट. त्यांनी आमची भरली, आम्ही त्यांची भरली, कुणी कुणाला बांधील नाही… कुठली रीत? मी पण विचारलं. म्हणाल्या, आत्ताच पाडली.

नाही ना आल्या अजून. तोच घोर लागलाय. त्या बाईंनी घेतली नाही तर? इकडं संध्याकाळी जागा जाईल. ह्यांना दोनदा फोन लावला, उचलत नाहीत… म्हणून तर चटणी वाटतेय. नाहीतर आज घरात कोण चटणी खाणार आहे?

काय?… जरा मोठ्यानं बोल… वयाची अट? कुणाला? तुला कशाला हवी वयाची—

अक्का!

भावोजी जवळच बसलेत का?… मग हळू बोल. विचारते. बेळगावात पण असेल की अशी एखादी. पण आधी पोचे बघ. जिथं पोचे नाहीत तिथं पाय ठेवू नकोस.

आणि भावोजींचा शब्द?… सोपं आहे. एक खण घे, एक नारळ घे, आणि भावोजींना पाठव त्यांच्या मित्राची ओटी भरायला… हस, हस. त्यांना ऐकू जाऊ दे.

थांब. थांब हं… बाहेर काहीतरी… हॉर्न वाजतोय. अगं, घरं हलताहेत. थांब, खिडकीत येते…

अक्का, ट्रक आलाय.

गल्लीत! आमच्या गल्लीत! हिरवं दार, निळं दार. आणि वर… आई? आई, तुम्ही?… अगं, सासूबाई बसल्यात वर! हिरवं नऊवार सावरून, मांडीवर दोन नारळ… दोन कसे? एकच नेला होता. त्यांनी घेतली वाटतं ओटी, आणि दुप्पट परत भरली. आता हे कुठवर चालणार देव जाणे… मागून हे स्कूटरवर येताहेत. वरातीतल्यासारखे.

काय म्हणताय आई?… काय?… म्हणताहेत, तिकडनं परस्पर अमरगोळला गेले, जागा धरली आणि मुलाकडच्यांना सांगितलं, पहिल्या दिवशी मुलीला न्यायला दारात यायचं. आमच्यात पद्धत आहे.

सगळी गल्ली बाहेर आलीय, अक्का. मेष्ट्रु उतरले. गल्ली पुढं बंद आहे, वळवायला जागाच नाही… किल्ली माझ्याकडं धरलीय. म्हणताहेत, बेलूरचं दार याच्यापेक्षा रुंद आहे, या.

आता?… आत्ताच. पार कोपऱ्यापर्यंत. मागं.

आई, उतरा तरी आधी!… नाही उतरत. खिडकीतून हात दाखवताहेत, येऊ दे, येऊ दे म्हणून. त्यांना मागचं काही दिसत नाही, पण आवाज खात्रीचा आहे.

भीती? आहे की. पण बघ, लागला कुठं तर लागला. पोचा पडला तर नाव राहील.

अक्का, ठेवू? याला दोन्ही हात लागतात… हो, निधान, निधान, तू पण सुरू कर आता… आले, मेष्ट्रु, आले! पण ती रूपालीची तुळस आधी उचला, मग… हां, उचलली. ठेवते गं.