मी हललो नव्हतो!

...नाही, मला एक सांगा, तुम्ही सगळी शहाणीसुरती माणसं आहात, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत नीट बघा, हे पोट बघा, ही मान बघा, आणि छातीवर हात ठेवून सांगा, हा माणूस हलेल असं वाटतं तुम्हाला? आपणहून? कोणी ढकलल्याशिवाय? नाही ना वाटत! माझ्या बायकोला वाटत नाही, शेजाऱ्यांना वाटत नाही, पण त्या लाल कोटवाल्याला वाटलं! भर हॉलमध्ये, खच्चून भरलेल्या बाकांसमोर, हातात बंदूक धरून मला म्हणतो, "तुम्ही हललात." अहो, मी हललो नव्हतो!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोण, हॉल कुठला आणि बंदूक कशाला... माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन छत्र्या (पावसाच्या नव्हे, लाइटच्या) आणि एक आरसा, ज्यात बघून लोक केस विंचरतात आणि तरीही फोटोत आहेत तसेच दिसतात. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रांचे फोटो. दिवसभर तोंडात एकच वाक्य, "हलू नका." ताई, हलू नका. साहेब, हनुवटी खाली, आता हलू नका. हललं की फोटो बाद, पुन्हा बसा. परवा एक आजोबा स्टुलावर बसल्या बसल्या झोपले, म्हटलं वा, आज पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं! सांगायचं म्हणजे, हलणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. तुमची पापणी लवणार हे तुमच्या आधी मला कळतं. आणि मी हलेन?

घरी मात्र उलटाच न्याय. घरी मी हलत नाही हाच गुन्हा! ही म्हणते... ही म्हणजे आमची ही... "दार वाजतंय, फोन वाजतोय, कुकर वाजतोय, आणि हे आपले ढिम्म! अहो, भिंतीवरचं घड्याळ तरी हलतं!" आता दिवसभर उभं राहून आलेला माणूस खुर्चीत बसला तर बिघडलं कुठे? पण त्या दिवशी काय झालं, दूध उतू गेलं. माझ्यासमोर. म्हणजे मी तिथेच होतो, शेगडीपाशी, स्टुलावर, बघत होतो, आणि तुम्हाला सांगतो, ती साय वर येताना कडेने जो प्रकाश पडतो ना... जाऊ दे. ही दारात. "तुमच्या डोळ्यांदेखत?" म्हटलं, "बघत होतो." "काय बघत होतात?" म्हटलं, "कसं वर येतं ते."

आता ही ओरडली असती तर मला काही वाटलं नसतं, ओरडण्याची सवय आहे, खिडकी लावली की भागतं. पण ही ओरडली नाही हो. ओटा पुसला, फडकं पिळलं, आणि माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाली, "उद्या मी पडले ना, तरी तुम्ही असेच बघत बसाल."

हे मला लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. रात्रभर कूस बदलत होतो. म्हणजे हलत होतो, पण ते बघायला ही जागी नव्हती.

आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात दातांचे डॉक्टर आले. आमच्या समोरच दवाखाना त्यांचा. म्हणाले, "ओळखपत्राचा फोटो पाहिजे, पन्नाशीच्या पुढच्यांची शर्यत आहे, साठ मीटर, हॉलच्या आत." म्हटलं हॉलच्या आत? धावायचं? डॉक्टर म्हणाले, "हो, वर छप्पर, ऊन नाही, वारा नाही, वळणसुद्धा नाही. सरळ धावायचं आणि समोर भिंत." म्हटलं भिंत? म्हणाले, "घाबरू नका, भिंतीला जाडजूड गाद्या लावलेल्या असतात. वेगात थांबता येत नाही ना, माणूस जाऊन गादीवर आपटतो." अहो, मी खुर्ची धरली! सावलीतली शर्यत, आणि शेवटी गादी! म्हटलं ही शर्यत ज्याने कोणी काढली त्याने माझ्याचसाठी काढली. दिलं नाव! घरी येऊन सांगितलं, "मी धावणार आहे." ही म्हणाली, "कशाच्या मागे?" म्हटलं, "तू ये आणि बघ. तुझा नवरा हलतो की नाही ते बघ."

सराव केला हो! हसू नका. स्टुलापासून दुकानाच्या दारापर्यंत. गिऱ्हाईक आत येणार, मी आतून धावत बाहेर, लोकांना वाटायचं आग लागली. दोघे तर फोटो न काढताच गेले. पण मी सोडलं नाही.

आता या सगळ्यात लाल कोट कुठून आला? तोही फोटोलाच आला होता! शर्यत सुरू करणारा माणूस, हाच बंदूक वाजवणार, त्यालाही ओळखपत्र लागतं. स्टुलावर बसला आणि तुम्हाला सांगतो, असा हलणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही! मान वळव, कॉलर ओढ, नाक चोळ, मध्येच घड्याळ बघ. मी म्हणतोय, साहेब, हलू नका. हललेच. बाद. पुन्हा बसा. हललेच. बाद. शेवटी दुकानात चार माणसं होती, त्यांच्यासमोर मी जरा... म्हणजे आवाज चढला माझा... म्हटलं, "दुसऱ्यांना बंदूक दाखवून गप्प उभं करता, आणि तुम्हाला एक फोटोभर स्थिर बसता येत नाही?" लोक हसले. तो उठला, पाकीट घेतलं, दारात थांबला आणि म्हणाला, "या तुम्ही शर्यतीला. बघतो."

आता तुम्हीच जोडा काय जोडायचं ते! मी कोणावर आरोप करत नाही.

तर शर्यतीचा दिवस. हॉल असा दुमदुमतोय, रबरी जमिनीचा वास, आणि प्रत्येकाच्या दंडाला कसलं तरी तेल. ही वरच्या बाकांवर, मांडीवर पर्स, पर्समध्ये फोन. फोटो कसा काढायचा ते मी घरी शिकवलं होतं. कोपर पोटाला टेकव, श्वास रोख, बंदूक वाजली की दाब, आणि काहीही झालं तरी हलू नकोस. मागे पाय टेकायला ठोकळे असतात, ब्लॉक म्हणतात, त्यात पाय, पुढे हात, बाजूच्या लेनमध्ये दातांचे डॉक्टर. माझा चेहरा बघून म्हणतात, त्यांच्या त्या नेहमीच्या आवाजात, "काही दुखणार नाही, हं." अहो, असं म्हटल्यावर आजपर्यंत कोणाचं दुखायचं राहिलंय?

"ऑन युअर मार्क!" बसलो. "सेट!" कंबर वर. सगळा हॉल चिडीचूप. म्हटलं आता वाजेल, आता वाजेल, हिला दाखवतो, आता... ठो! आणि लगेच परत ठो! दुसऱ्यांदा वाजली की परत फिरायचं, कोणीतरी आधी हललं म्हणून. सगळे दोन पावलं जाऊन थांबले. मी मागे वळून बघतोय, कोण बिचारा? तर लाल कोट सरळ माझ्या लेनमध्ये. हातात लाल कार्ड. आणि चेहऱ्यावर काय शांती हो! "तुम्ही हललात." जरा थांबून म्हणतो, "बाद."

बाद! माझाच शब्द! मी म्हटलं, मी हललो नव्हतो. तो म्हणाला, मशीन सांगतंय. त्या ठोकळ्यांना मशीन असतं म्हणे, पायाचा रेटा मोजतं. कडेच्या टेबलावर कंप्युटरवाल्या बाई, त्या मान वर न करता म्हणतात, "उजव्या पायाचा दाब वाढलेला दिसतोय." म्हटलं, बाई, दाब माझ्यावर लग्न झाल्यापासून आहे, तुमच्या मशीनला आज दिसला? आता... उजव्या पायाचा अंगठा... अंगठ्याचं सोडा. अंगठा बुटाच्या आत होता, आणि माझ्या बुटाच्या आत काय चालतं हा माझा खाजगी प्रश्न आहे! बाकी मी हललो नव्हतो!

"बाहेर या," लाल कोट म्हणाला. आणि माझं डोकं सटकलं. म्हटलं, मी हललो म्हणतोस? आता बघ न हलणं म्हणजे काय ते! परत गेलो, ठोकळ्यात पाय घातले, हात रेषेमागे टेकले, गुडघा टेकला, आणि बसलो. म्हटलं, सेट! उचला मला! बाकीचे धावपटू येऊन बघतायत, पंच येतायत, कोणी पाणी देतंय, कोणी म्हणतंय काका ऐका, मी नाही. मानसुद्धा वळवली नाही. एक माशी कानावर बसली, बसू दिली. आणि त्या माशीकडे लक्ष असताना, तुम्हाला सांगतो, मला एकदम आठवलं. अरे, मी इथे आलो होतो कशाला? हलतो हे हिला दाखवायला! आणि इथे सगळ्या दुनियेसमोर, जिवाच्या आकांताने, मी हलत नाही हे सिद्ध करत बसलोय!

तेवढ्यात पायऱ्यांवर चपलांचा आवाज. ओळखीचा. म्हटलं संपलं. आता कान धरून घरी नेणार.

तर ही माझ्याकडे आलीच नाही! सरळ लाल कोटासमोर. पर्स काखेत. "कोण हललं म्हणालात?" तो म्हणाला, "हे." "हे?" अहो, तो 'हे' तुम्ही ऐकायला हवा होता! "हे हलले? माझ्या घरात दूध उतू जाऊन शेगडी विझली तेव्हा हे हलले नाहीत! माझा भाऊ राहायला आला, तीन दिवस पंख्याखालची खुर्ची सोडली नाही यांनी! त्या वर्षी भूकंपात अख्खी बिल्डिंग हलली, आम्ही सगळे जिने उतरून रस्त्यावर, हे वर! आणि तुमच्या फटाक्याच्या आधी हलले? अहो, हे हलले असते ना, तर मी घरोघरी सांगत फिरले असते! माझा नवरा आहे, मला माहीत नाही? हे हलले नव्हते!"

हॉल नुसता फुटला! लोक बाकं बडवतायत, दातांचे डॉक्टर डोळे पुसतायत. माझी बाजू घेतली की अब्रू घेतली, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण माझ्यासाठी भांडली हो. खाली उतरून भांडली. मुख्य पंचबाई आल्या, हसू दाबत म्हणाल्या, "तक्रार नोंदवून घ्या, आणि पळू द्या यांना, निकालाचं नंतर बघू." लाल कोटाने कॉलर ओढली फक्त. ही माझ्या लेनपाशी वाकली आणि कानात म्हणाली, "आता मात्र हला." आणि वर जाऊन फोन काढून बसली.

"ऑन युअर मार्क!" मी तयारच होतो, मघापासून तसाच तर होतो! "सेट!" डोळ्यांसमोर गादी, कानात हिचा आवाज. ठो!

आणि मी हललो नाही.

अहो, पायच नव्हता! म्हणजे होता, ठोकळ्यात होता, पण इतका वेळ मुडपून ठेवलेला, मुंग्या येऊन येऊन त्या मुंग्याही कंटाळून निघून गेलेल्या! मी वरून हुकूम सोडतोय, खाली कोणी घेतच नाही! सगळे गेले, वारा आला, माझे केस उडाले, डॉक्टर तिकडे गादीवर जाऊन आपटलेसुद्धा, आणि मी तिथेच, कंबर वर, नजर समोर. मग सावकाश, अगदी सावकाश, एका बाजूला कललो आणि पडलो.

पडलो आणि बघतोय, तर वरच्या बाकांवरून कोण धावतंय? ही! पर्स तिकडे, चपला तिकडे, पायऱ्यांवरून दोन दोन करत, आडवी लेन कापत, लाल कोटाला धक्का मारून! खरं सांगतो, त्या दिवशी त्या हॉलमध्ये तिच्याइतकं जोरात कोणी धावलं नाही. कोणी मोजलं नाही एवढंच. माझ्या काखेत हात घातला, "लागलं का? कुठे लागलं?" म्हटलं, "पाय झोपलाय." ही माझ्याकडे बघत राहिली, आणि मग अशी हसली, अशी हसली, की खालीच बसली माझ्याशेजारी. म्हणाली, "चला, आता आलोच आहोत तर." आणि माझा हात खांद्यावर घेऊन मला सगळे साठ मीटर चालवत नेलं, लंगडत, लोक टाळ्या पिटतायत, आणि शेवटच्या गादीवर आम्ही दोघं आपटलो.

निकाल? निकाल काय लागायचा! लाल कोटाने कागदावर लिहिलं, शेवटचा. लिहू दे. कारण धावत येण्याआधी हिने फोटो काढला होता. कोपर पोटाला, श्वास रोखून, बंदूक वाजली तशी. मोठा करून दुकानात लावलाय, स्टुलाच्या बरोबर समोर. या कधी बघायला. डॉक्टर म्हणजे नुसता पांढरा पट्टा, बाकीच्यांचे हातपाय कुठले कुणाचे कळत नाही, कोपऱ्यात लाल कोट, तोसुद्धा पुसल्यासारखा, आणि मधोमध मी! भुवईचा केस न् केस मोजून घ्या! येणारा प्रत्येक जण विचारतो, काका, मग ही शर्यत जिंकलं कोण? मी म्हणतो, दादा, तुम्हीच बघा... आमच्या धंद्यात हललं की फोटो बाद. ते सगळे हललेत. मी एकटाच उरलोय.