वुफरला लावलेलं कुंकू

मंडळी, देवाला डीजे आवडतो का?

हसा, हसा! अध्यक्षकाका, तुम्ही चष्मा काढू नका, मी शुद्धीवर आहे. हा प्रश्न माझा नव्हे. तिसऱ्या ओळीत खांबाला टेकून दोन मुली बसल्यात – एक दीक्षा, एक समिना – ओढणीत तोंड घालून हसतायत बघा! त्यांनी पैज लावली होती. म्हणाल्या, भर सप्त्यात, कीर्तनाला उभी राहिलीस की पहिल्याच तोंडाला हे विचारून दाखव, मग तुला मानू. घ्या, विचारलं. आता माना!

पण मंडळी, ऐका. प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. आपण देवापुढं सगळं मोठ्यानं करतो. आरती मोठ्यानं, नवस मोठ्यानं, आणि घरी कुणी काही सांगितलं की 'हो हो, करते की' – तेही मोठ्यानं. मग मला सांगा, आवाज मोठा निघाला म्हणजे आतलं माणूस खरं बोलत असतं का?

ह्याचं उत्तर मला पोथीत सापडलं नाही. ते सापडलं एका मोडीत निघालेल्या जीपच्या डिकीतल्या वुफरमध्ये. वुफर म्हणजे काय, आजी? परातीएवढा स्पीकर. गाडीत मागं बसवतात. त्याला बारीक बोलता येत नाही. लांबवर ढग बोलतो तसा बोलतो – कानाला कमी, छातीला जास्त.

तर ह्याच बार्शीत, ह्याच सुतार गल्लीत, एक मुलगी होती. दहावीत. नाव रेणुका. – का हसता? त्या नावाची कुणी गळ्यात हार घालून तुमच्यापुढं उभी दिसत असेल, तर तो योगायोग समजा! कथेतल्या मुलीला आपण 'ती' म्हणू. 'ती' म्हटलं की खरं सांगायला सोपं जातं.

तिचे वडील बब्रुवान ढगे. तिचे आबा. दिवसा एसटीच्या वर्कशॉपात पाने आणि नट, संध्याकाळी ह्या मारुतीच्या देवळात मृदंग. मृदंगाला दोन तोंडं असतात, मंडळी. उजव्या तोंडाला शाई – ते टणक बोलतं. डाव्या तोंडाला ओली कणीक थापायची – ते बोलतं... आबा, एक द्या बरं!

ऐकलंत? ही धुम. आज ती शेवटच्या चपलेपर्यंत गेली. पण दसऱ्यापर्यंत जात नव्हती! देवळावरचा तो कर्णा उजवी बाजू तेवढी फेकायचा – पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखी. धुम त्याच्या घशातून उतरायचीच नाही. बब्रुवान कधी तक्रार करणारा माणूस नव्हे. एकदाच जेवता जेवता म्हणाले होते की वीस वर्षं वाजवतोय, पण गावानं माझा निम्माच मृदंग ऐकलाय.

आणि तिची आई महानंदा! ती बसायची मागं, बायकांत, पाण्याच्या टाकीपाशी. मृदंग देवळाचा, तो घरी न्यायचा नाही असा आपला नेम. म्हणजे लग्नाला अठरा वर्षं झाली आणि त्या बाईनं नवऱ्याची धुम एकदाही ऐकली नव्हती. आता बोला!

आबांचं ते निम्म्या मृदंगाचं वाक्य रेणुकाच्या मनात घर करून बसलं. वर्गात बसली तरी तिला वाटायचं, देवळातून अर्धा आवाज निघतोय आणि उरलेला अर्धा वाट चुकून सुतार गल्लीत फिरतोय, कुणाच्या दारात जाऊन बसतोय, आणि त्याला कुणी आत या म्हणत नाही.

पण तिचं आणखी एक प्रकरण होतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे – सगळ्यांना तिला डॉक्टर करायचं होतं, आणि तिनं सगळ्यांना मोठ्यानं हो म्हटलं होतं! दहावी झाली की लातूर. दोन वर्षं क्लास, वसतिगृह. आई रोज दुपारी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला बसायची, लातूरच्या खोलीसाठी. आत्ता अध्यक्षकाकांनी ओळख करून देताना काय म्हटलं? 'आपल्या गल्लीची भावी डॉक्टर.' टाळ्या तुम्हीच वाजवल्यात! ती मुलगीही हसून मान हलवायची. फक्त जीवशास्त्राच्या वहीत बेडूक काढायला बसली की बेडकाच्या पायातून तारा निघायच्या, आणि त्या तारा कुठल्या तरी अँप्लिफायरला जाऊन मिळायच्या. बाईंनी एकदा त्या बेडकाला दहापैकी तीन दिले होते. बरोबरच होतं. बेडकाच्या मानानं तीन पुष्कळ झाले.

तर समिनाचे आजोबा मैनुद्दीनचाचा. मोडीतल्या गाड्यांचं सामान विकतात. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिघी मैत्रिणी तिथं गेल्या. ती जागा तुम्ही पाहिलीय का, मंडळी? गाड्या नाहीत आणि दारं आहेत. ओळीनं उभी. कुठलंही उघडा, आत गवत. बाजूचे आरसे तारेला टांगलेले, प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा, वारा आला की सगळी आभाळं हलतात. रेणुका त्या दारांमधून चालत राहिली, आणि शेवटच्या दारामागं, चिंचेच्या सावलीत, हा वुफर. काळा, गोल, आभाळाकडं तोंड करून पडलेला. तिनं तळवा ठेवून कागद हलकेच दाबला. तो आत गेला आणि परत वर आला. झोपलेल्या जनावराचं पोट!

भाव काय ठरला? देवाच्या दारात भाव विचारू नये. चाचा म्हणाले, आधी वाजव, मग बोलू. वर एक अँप्लिफायर दिला आणि समजावलं की ह्या एका कागदाला मागून तारेच्या दोन गुंडाळ्या आहेत. दोघं भाऊ मिळून एक गाडा ढकलतात, तसं. प्रत्येक भावाची दोन टोकं, एक प्लस, एक मायनस. प्लसच्या टोकांना मी लाल ठिपका दिलाय. लाल तार लालला लाव, काळी उरलेल्याला.

सोपं वाटतं ना? तिलाही वाटलं.

मधे आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडं काय करतात? हत्यारांची पूजा! महानंदाबाईंनी पाटावर सगळं मांडलं – नवऱ्याचे पाने, आपलं शिलाई मशीन, विळी, आणि लेकीचा वुफर. कागद फाटू नये म्हणून तो पालथा घातलेला. आता पालथ्या देवाला कुंकू कुठं लावायचं? लेकीला विचारलं, तर ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "लाव कुठंही." माउलीनं नीट निरखून पाहिलं. एका बाजूला लाल ठिपका दिसला. दुसऱ्या बाजूला दिसला नाही – तिथला रंग कधीच उडून गेला होता. तिला वाटलं, एकच कान का रिकामा ठेवायचा? ओलं कुंकू घेतलं, आणि हाताला आलं त्या टोकावर प्रेमानं बोट टेकवलं.

हे बोट ध्यानात ठेवा, मंडळी!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात तारा जोडणं सुरू झालं. उन्हाचे चौकोन फरशीवर पडलेले, समई शांत. दारात उभ्या केलेल्या टमटम रिक्षाच्या बॅटरीवरून अँप्लिफायरला दोन जाड तारा, आणि एक बारीक. ती बारीक तार नुसती जाग आणते. ती नसली तर बॅटरी भरलेली असून अँप्लिफायर झोपलेलाच! – मागच्या ओळीतले काका, तुम्हाला नाही म्हणाले, तुम्ही झोपा. मग वुफरची टोकं. लाल तार लालला, दोन्हीकडं. काळी उरलेल्याला. वुफर लाकडी पेटीत बसवला, मृदंगाच्या डाव्या तोंडापाशी माईक ठेवला. बब्रुवान वर्कशॉपातून जेवणाच्या सुट्टीत आले होते, कणीक थापून तयार.

दिवा लागला. हिरवा. बब्रुवाननं डावा हात उचलला आणि मारला.

काही नाही.

पुन्हा मारला. आवाज वाढवला. आणखी वाढवला. अँप्लिफायर तापला, इतका की हात ठेववेना. वीज जात होती, मंडळी, सगळी ताकद आत जात होती! तिनं कागदावर तळवा ठेवला. कागद जागचा हलत नव्हता. नुसती आत कुठंतरी बारीक थरथर – बोलायला आलेलं माणूस दारातच उभं राहावं, तशी.

बब्रुवान उठले, गुडघ्यावरची कणीक झटकली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे, रेणे. निम्मा तर निम्मा. मारुतीला सवय झालीय."

रागावले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षकाकांनी तर निरोपच धाडला की तुळशीच्या लग्नाच्या सप्त्याआधी ते भंगार देवळातून हलवा. – काका, खरं आहे ते, खाली बघू नका!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तशी ती वुफर सायकलला बांधून चाचांकडं गेली. चाचांनी एकही तार पाहिली नाही. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्यातला सेल काढला आणि दोन तुकडे तारांचे दिले. सेलचं प्लस लालला लावून बघ म्हणाले. पहिल्या जोडीला लावलं. टक् – कागद बाहेर आला. दुसऱ्या जोडीला लावलं. टक् – कागद आत गेला!

कळलं का, मंडळी? दोघं भाऊ एकच गाडा ढकलत होते. एक पुढं, एक मागं. दोघंही जीव तोडून! मग गाडा हलणार कसा?

तिनं दुसऱ्या बाजूच्या लाल ठिपक्यावर अंगठा घासला. ठिपका अंगठ्यावर आला. वास घेतला. कुंकू!

तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही. चाचा म्हणाले, "बेटा, ठिपका मी लावो नाहीतर तुझी अम्मी लावो. लाल म्हणजे प्लस नसतं. कागद जिथं बाहेर येतो ते प्लस. ठिपक्याला नको, कागदाला विचारायचं."

घरी येताना संध्याकाळचं ऊन रस्त्यावर आडवं पडलं होतं. ती सायकल हातात धरून चालत आली. आणि चालता चालता तिच्या मनात एक घड्याळातला सेल फिरायला लागला. तिनं तो आपल्याच छातीला लावून पाहिला. म्हणाली – लातूर. आतला कागद आत गेला. म्हणाली – तारा, अँप्लिफायर, आबांची धुम. कागद बाहेर आला. घाबरून पुन्हा लावला. पुन्हा तेच! वर्षभर मोठ्यानं हो म्हणत होती, आतून तापत होती, आणि हलत काहीच नव्हतं.

पुढच्या दुपारी देवळात दुसऱ्या जोडीच्या तारा उलट करून लावल्या. महानंदाबाई आरतीचं ताट घासून आल्या होत्या, हळदकुंकवाचे ढीग मांडलेलं ते ताट त्यांनी हात रिकामे करायला वुफरच्या पेटीवर ठेवलं आणि टाकीपाशी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. बब्रुवाननं हात उचलला.

धुम!

ती आवाजासारखी आली नाही, मंडळी. उन्हासारखी आली. फरशीतून वर, पोटऱ्यांतून, पाठीतून. टाकीतल्या पाण्यावर गोल उठले, एकात एक. समईची ज्योत वाकली. आणि ताटातलं कुंकू उडायला लागलं – उडून परत बसायचं, बसताना ओळी करायचं, लाल लाल लाटा, जणू कुणी अदृश्य बोटानं रांगोळी काढतंय. रेणुका बघत राहिली. वाट चुकलेला अर्धा आवाज घरी आला होता.

महानंदाबाई उठून उभ्या राहिल्या. हात छातीवर. टाकीपासून मृदंगापर्यंत चालत आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या,

"हे तुम्ही रोज वाजवत होता?"

"रोज," बब्रुवान म्हणाले. "पोचलं आज."

तर देवाला डीजे आवडतो का, दीक्षा? मला नाही माहीत. एवढं कळलं की आवाज किती मोठा हे तो विचारत नाही. दोन्ही गुंडाळ्या एकीकडं ढकलतायत का, एवढंच बघतो. आता तुम्ही सांगा! टाळी एकीकडं, मन दुसरीकडं, असं किती जण बसलात? सुनेला 'तू माझी लेकच' म्हणता आणि कपाटाची किल्ली कमरेला! हसू नका, आजी. घरी गेल्यावर एक सेल लावून बघा.

आणि कुंकू लावणाऱ्याचा दोष नाही, मंडळी. ते प्रेमानंच लावलं होतं. दोष तिचा, जिनं "लाव कुठंही" म्हटलं आणि मान वर केली नाही.

म्हणून आज मान वर करते. आता 'ती' पुरे. आई, तू टाकीपाशी आहेस, दिसतेयस मला. आबा, तुम्ही माझ्या शेजारीच आहात. घरी सांगायला गेले की माझा आवाज निम्माच निघतो, म्हणून इथं सांगते, सगळ्यांदेखत, म्हणजे मलाच मागं फिरता येणार नाही.

मी लातूरला जाणार नाही. मी डॉक्टर होणार नाही. दहावी झाली की सोलापूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणार. आई, गोधडी पुरी कर, मला ती तिथल्या वसतिगृहात लागेल. आबा, तुम्ही आत्ता काही बोलू नका. पटलं नसेल तर उजव्या हातानं वाजवा, मी कीर्तन संपवून खाली बसते.

आणि पटलं असेल, तर कणीक अजून ओली आहे.